ऐकलं तेवढंच लिहा : मेडिकल स्क्राइब होऊ पाहणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरात बी.फार्म., बीएचएमएस किंवा नर्सिंग करून नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर हल्ली एक जाहिरात हमखास येते : ‘मेडिकल स्क्राइब पाहिजेत, फ्रेशर चालतील, नाइट शिफ्ट.’ मग घरात चर्चा सुरू होते. आई म्हणते, रात्रीचं कसलं काम? वडील म्हणतात, एवढं शिकून टायपिंगच करायचं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि जाहिरातीत दोन्हींचं उत्तर नसतं. मी हे काम दोन्ही तऱ्हांनी केलंय. आधी रात्रभर कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठी, आणि आता जालना रोडवरच्या एका ओपीडीत डॉक्टरांच्या शेजारी स्टूल टाकून. त्यामुळे पगाराच्या आकड्यांपेक्षा कामाबद्दल लिहिते. पगार कंपनीगणिक बदलतो, काम फारसं बदलत नाही.

काम असं. डॉक्टर पेशंटशी बोलतात, तपासतात, आणि ते चालू असतानाच स्क्राइब नोंद तयार करतो : काय तक्रार, कधीपासून, आधीचे आजार, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, तपासणीत काय आढळलं, डॉक्टरांना काय वाटतं, पुढे काय करायचं. पेशंट बाहेर पडेपर्यंत नोंद बरीचशी झालेली असते. डॉक्टर ती वाचतात, दुरुस्त करतात आणि सही करतात. सही डॉक्टरांची, जबाबदारीही त्यांची. स्क्राइब निदान करत नाही, औषध सुचवत नाही, सल्ला देत नाही.

आपल्याकडे हे काम नवं नाही, नाव तेवढं नवं आहे. १९५६ पासून चालत आलेल्या आपल्या घाटी हॉस्पिटलच्या ओपीडीत सीनिअर डॉक्टर बोलतात आणि इंटर्न केस पेपरवर खरडतो, ते हेच काम. गल्लीतल्या दवाखान्यातला जुना कंपाउंडरही पेशंट आत जाण्याआधी नाव, वय, ताप किती हे लिहून ठेवायचाच. स्वतंत्र नोकरी म्हणून याला आकार आला तो अमेरिकेत. तिथे २००९ साली झालेल्या एका कायद्यानंतर दवाखान्यांच्या नोंदी झपाट्याने संगणकावर गेल्या आणि डॉक्टर पेशंटऐवजी स्क्रीनकडे बघू लागले. २०१६ साली तिथल्या ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या एका पाहणीत डॉक्टर पेशंटसमोर घालवत असलेल्या दर तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचं दिसलं. ते ओझं उचलायला आधी खोलीत माणूस बसवला, मग इंटरनेटवरून भारतातला माणूस जोडला. त्याआधी आपल्याकडे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनची लाट येऊन गेली होती. डॉक्टरांनी रेकॉर्ड करून पाठवलेलं इथे टाइप व्हायचं. त्यात ऑडिओ मागे नेऊन चारदा ऐकता येत होतं. स्क्राइबला ती सोय नाही. जे चाललंय ते चालू असतानाच पकडायचं.

आता मुख्य गोष्ट. या कामात नापास होणारी बहुतेक मुलं टायपिंगमुळे किंवा इंग्रजीमुळे होत नाहीत. जास्त लिहिल्यामुळे होतात.

एक उदाहरण घेऊ. कन्नड तालुक्यातले पन्नाशीचे शेतकरी समोर बसलेत असं धरा. ते सांगतात, “पंधरा रोज झाले, चढावर गेलं का छातीत भरून येऊ राह्यलं. बसलं का बरं वाटतं. घाम बी येतो.” डॉक्टर विचारतात, “हाताकडे जातं का?” ते म्हणतात, “डाव्या हाताला मुंग्या येतात, पण त्या जुन्याच हायेत, फवारणीचा पंप उचलून उचलून.” नवा स्क्राइब, त्यातही चार वर्षं वैद्यकीय पुस्तकं वाचलेला, पटकन लिहितो : छातीत दुखतं, दुखणं डाव्या हातात पसरतं. पुस्तकातलं चित्र पूर्ण झालं! पण माणूस ‘दुखतं’ म्हणालाच नाही, ‘भरून येतं’ म्हणाला. आणि मुंग्या जुन्या आहेत असं त्याने आपण होऊन सांगितलं. बरोबर नोंद अशी : पंधरा दिवसांपासून चढ चढताना छातीत भरून येतं, बसल्यावर कमी होतं, सोबत घाम; डाव्या हाताला मुंग्या जुन्या, पंप उचलल्यामुळे येतात असं पेशंट सांगतात. एवढंच. डॉक्टर ईसीजी काढायला सांगणारच आहेत, त्यासाठी तुमची मदत लागत नाही. पण उद्या हा कागद घेऊन ते दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, तर तिथला डॉक्टर तुमचं वाक्य खरं धरून चालणार आहे.

हीच गोष्ट टेम्प्लेटची. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की तपासणीचा अख्खा परिच्छेद ‘नॉर्मल’ होऊन येतो : हृदयाचे ठोके नॉर्मल, पोट मऊ, पायाच्या नाड्या लागतात, संवेदना ठीक. घाईच्या ओपीडीत याचा मोह फार. पण शुगरच्या पेशंटचे बूट-मोजे डॉक्टरांनी काढायलाच लावले नसतील, तर पायाची संवेदना ठीक असल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? तीन महिन्यांनी त्याच पायाला जखम झाली की तो कागद निघतो. जे विचारलं नाही, तपासलं नाही, त्याची जागा रिकामी ठेवा. अमेरिकन नोंदींत ‘पेशंट नाही म्हणतो’ अशा अर्थाच्या ओळी ढिगाने असतात. त्याही डॉक्टरांनी प्रश्न विचारला असेल आणि पेशंटने नाही म्हटलं असेल, तरच. रिकामी जागा दिसली की चांगला डॉक्टर स्वतः विचारतो. भरलेली जागा त्याला गाफील करते.

कमी लिहिण्याइतकंच नीट ऐकणंही अवघड, आणि आपल्या शहरात तर जास्तच. ओपीडीत सकाळभरात सिल्लोडची मराठी, शहागंजची दखनी आणि सिडकोची इंग्रजी मिसळलेली मराठी असे तीन सूर एकामागून एक येतात. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ, ऊन लागणं नव्हे. ‘अंगावर पांढरं जातं’, ‘पोट डब्ब झालंय’, ‘कसर वाटते’, ‘हात-पावां सुन्न हो रे’ हे सगळं तुम्हाला शब्दकोशात न बघता कळलं पाहिजे. आणि ‘चक्कर’ म्हटल्यावर तर थांबायचंच : खोली गरगरते, डोळ्यांपुढे अंधारी येते की चालताना तोल जातो? तिन्हींचे आजार वेगळे असू शकतात. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नसेल तर स्वतः विचारू नका. ठरवून घेतलेल्या खुणेने, स्क्रीनवरच्या छोट्या टिपेने आठवण करून द्या. खूप डॉक्टरांना हे आवडतं, काहींना खपत नाही. पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

व्यसनाच्या रकान्याबद्दल वेगळं सांगते. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका सरळ नाही म्हणतात, आणि रोज सकाळी मिश्री लावतात. त्यांच्या लेखी ती तंबाखू नसतेच, दात घासायची पूड असते. तसंच ‘व्यवसाय : शेती’ एवढ्याने भागत नाही. कापसावर कालच फवारणी केलेला माणूस मळमळ आणि घाम घेऊन आला, तर ती फवारणी कागदावर असलीच पाहिजे. औषधांच्या यादीत ‘बीपीची पांढरी गोळी’ कधीही लिहू नका. पेशंट आत जाण्याआधीच पिशवीतल्या पट्ट्या मागून घ्या; नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा हे उतरवून घ्या. पट्टी नेमकी नावावरच फाडलेली असते, त्याला इलाज नाही. अशा वेळी मेडिकलचं बिल विचारा.

आकडे लिहिण्याची शिस्त लहान वाटते, पण औषधातल्या कितीतरी चुका तिथेच होतात. ५ मिलिग्रॅम लिहायचं असेल तर ‘५.०’ लिहू नका, टिंब नजरेतून सुटलं तर ५० होतात. अर्ध्या मिलिग्रॅमसाठी नुसतं ‘.५’ नको, ‘०.५’ लिहा. इन्सुलिनपुढे इंग्रजी ‘यू’ अक्षर टाकू नका, ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० वाचले जातात. ‘युनिट’ असा पूर्ण शब्द लिहा. डावं-उजवं प्रत्येक वेळी पुन्हा बघा.

अमेरिकन डॉक्टरांकडे काम करायचं असेल तर आणखी काही सवयी मोडाव्या लागतात. तारखेत महिना आधी येतो. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. वजन पौंडात. आपण कॉलेजात पॅरासिटामॉल शिकलो, ते तिथे अ‍ॅसिटामिनोफेन. आपला साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनॅलिन तिथे एपिनेफ्रिन, ग्लायबेन्क्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. बी.फार्म.वाल्यांना हे आठवड्याभरात जमतं. खरी फसगत होते ती सारख्या ऐकू येणाऱ्या नावांत. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन खाज आणि घबराटीचं. सेलेब्रेक्स सांधेदुखीसाठी, सेलेक्सा नैराश्यासाठी. हेडफोनमध्ये ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ जवळजवळ सारखेच ऐकू येतात. शंका आली की अंदाज बांधू नका, नोंदीत खूण करून डॉक्टरांना विचारा. विचारणारा स्क्राइब कंटाळवाणा वाटला तरी टिकतो.

शब्दांचा सूरही सांभाळावा लागतो. अमेरिकेत एप्रिल २०२१पासून पेशंटला आपली बहुतेक नोंद मोबाइलवर लगेच वाचता येते. आपल्याकडेही २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने मागणी केली की ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि भरती झालेल्या पेशंटची नोंद किमान तीन वर्षं जपावी लागते. म्हणून ‘ऐकत नाही’, ‘औषधं घेत नाही’ असे शेरे मारू नका. कारण लिहा : कापसाचे पैसे आले नाहीत, महिनाभर गोळ्या बंद. पुढचा डॉक्टर हे वाचून स्वस्तातली गोळी लिहील. ‘ऐकत नाही’ वाचून फार तर ओरडेल. विष घेतलेला, भाजलेला, मारहाणीचा असा पोलिस केसचा पेशंट आला तर मात्र पेन खाली ठेवा, ती नोंद डॉक्टरांनाच लिहू द्या.

ओपीडीत कुठे बसायचं हेही शिकावं लागतं. डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे कधीच नको, बाजूला बसा. डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात “या लिहून घेतील, चालेल ना?” असं विचारावं, हा आग्रह तुम्ही धरा. बाईमाणसाच्या तपासणीच्या वेळी, आणि तुम्ही मुलगी असाल तर पुरुष पेशंटच्या वेळीही, पडद्यामागे किंवा बाहेर जा. तपासताना जे आढळतं ते डॉक्टरांनी मोठ्याने बोलायची सवय लावून घ्यावी लागते. काहींना वर्ष लागतं. आणि बाहेरच्या बाकड्यावरचे नातेवाईक! ते तुम्हाला गाठणारच. “ताई, साहेब काय म्हणले? लय मोठं हाय का?” तुम्हाला माहीत असतं, माणुसकी म्हणून सांगावंसंही वाटतं. सांगू नका. गोळी जेवणाआधी की नंतर, एवढ्या साध्या प्रश्नालाही उत्तर एकच : “चला, सरांनाच विचारू.” आणि खरोखर आत घेऊन जा, नुसतं बोलून सुटू नका.

आता रात्रीचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी आठला दवाखाना उघडतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. पश्चिम किनाऱ्यावर उघडतो तेव्हा रात्रीचे साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे तुमची शिफ्ट तासभर उशिरा सुरू होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा जुनी वेळ. दिवाळीला सुट्टी मिळेलच असं नाही, थँक्सगिव्हिंगला मिळते. निवडायची मुभा असेल तर पूर्व किनारा घ्या. मध्यरात्रीनंतर लवकर मोकळे होता. पश्चिमवाल्यांची पहाट होते आणि झोप लागते न लागते तोच आपल्या शहरात नळाला पाणी येतं. तेही काही दिवसांआड, त्यामुळे सोडून चालत नाही. हसण्यावारी नेऊ नका. दिवसा झोपणाऱ्याच्या वाट्याला घरातलं नेमकं कोणतं काम येणार, हे नोकरी घेण्याआधीच घरच्यांशी बोलून घ्या. जाड पडदे आणि बंद दार या चैनीच्या गोष्टी नाहीत.

घरून काम असेल तर दार बंद असण्याचं दुसरंही कारण आहे. पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा अमेरिकेतला कायदा, हिपा, १९९६ पासून आहे आणि कंपन्या तो कडकपणे पाळून घेतात : खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर मोबाइल नको, कागदावर टिपणं नकोत, स्क्रीनचा फोटो तर नकोच. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय. गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहत असतील तर घरून काम घेऊ नका, ऑफिस शोधा. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट कनेक्शन हाताशी असू द्या. ओपीडीत बसणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे : आत ऐकलेलं चहाच्या टपरीवर नाही, घरी नाही, नाव वगळूनही नाही. पेशंट आपल्याच गावचे असतात, आणि खेड्याचं नाव व आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

तयारी कशी करायची? त्यासाठी हजारो रुपये फी घेऊन ‘हमखास नोकरी’ देणाऱ्या क्लासच्या पायऱ्या चढू नका. चांगल्या कंपन्या निवड झाल्यावर स्वतःच प्रशिक्षण देतात. टायपिंग न बघता यायला हवं. वैद्यकीय शब्दांचे मूळ घटक पाठ करा, म्हणजे कधी न ऐकलेला शब्दही ऐकता ऐकता उलगडतो. अमेरिकन डॉक्टरांची भाषणं ऐकत लिहा, त्यांत दक्षिणेकडच्या लांबट उच्चारांचीही ऐका. आणि घरी एक सराव करा : आजीला गुडघ्याचं विचारा, तिला दहा मिनिटं मोकळेपणाने बोलू द्या, आणि आठ ओळींत नोंद करा. मग तिलाच वाचून दाखवा. “मी असं कुठं म्हटलं?” असं तिने एकदाही विचारलं नाही, तर तुम्ही तयार आहात.

एआयचं काय, हे आता प्रत्येक जण विचारतो. डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून नोंदीचा कच्चा मसुदा करणारी सॉफ्टवेअरं आलीत आणि अमेरिकेत ती झपाट्याने वापरात येताहेत. नुसतं ऐकून टाइप करणाऱ्याच्या जागा कमी होणार, हे मी गोड करून सांगणार नाही. पण त्या मसुद्यातला दोष तोच असतो जो नव्या स्क्राइबच्या नोंदीत असतो : न बोललेलं लिहिणं, आणि तेही अगदी अस्खलित भाषेत. तो पकडायला माणूस लागतो, आणि पकडणाऱ्याला वैद्यक कळावं लागतं. दखनी आणि मराठवाडी मिसळलेल्या ओपीडीत तर जास्तच. म्हणून पहिल्या दिवसापासून तपासनिसाची नजर तयार करा. डॉक्टरांनी तुमच्या नोंदीत काय बदललं ते रोज बघा आणि का बदललं ते विचारा.

हे आयुष्यभर करायचं काम आहे असं मला वाटत नाही. दोन-तीन वर्षं करा आणि पुढची वाट डोळ्यांसमोर ठेवा : मेडिकल कोडिंग, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचं काम, हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग, नाहीतर हॉस्पिटल व्यवस्थापनाचं शिक्षण. बीएचएमएस, बीएएमएस झालेल्यांना मी जरा वेगळं सांगते. चांगल्या डॉक्टरांशेजारी बसून ते प्रश्न कसे विचारतात हे ऐकायला मिळणं ही मोठी कमाई आहे, पण स्वतःचा दवाखाना टाकायची धास्ती लपवायला ही नोकरी धरू नका. वर्षं भुर्रकन जातात आणि हातातली तपासणी विसरते.

ऑफर लेटर हातात आलं की सही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. प्रशिक्षणाच्या काळात पगार आहे का? बाँड किती महिन्यांचा, आणि मधे सोडलं तर किती पैसे भरायचे? मूळ प्रमाणपत्रं मागत असतील तर देऊ नका, झेरॉक्स द्या. रात्रपाळीचा भत्ता वेगळा दाखवलाय का? मुलींनी एक कायदा लक्षात ठेवावा : महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची आणि थेट घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची. ‘कॅब मेन रोडपर्यंत येईल’ असं एचआरवाले तोंडी सांगतात. रात्री तीनला चिकलठाण्याहून हडकोत परतायचं असेल, तर दारापर्यंत, हे शब्द त्या पत्रात लिहून घ्या.